आरजेच्या पोस्टवरून लोक भडकले तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

रेडिओवरचा जोक हवेत विरतो, सोशल मीडियावरचा विरत नाही, स्क्रीनशॉट निघतो आणि मग तो पुण्यातून नागपूरला, तिथून कुणाच्या तरी फॅमिली ग्रुपवर. हे लिहितेय ते मुख्यतः छोट्या शहरातल्या आरजे पोरापोरींसाठी, कारण मोठ्या स्टेशनला लीगल टीम असते, तुमच्याकडे बहुतेक वेळा फक्त एक प्रोग्रॅमिंग हेड असतो आणि तोही रात्री अकराला फोन उचलेलच असं नाही.

सगळ्यात आधी, नवीन काही टाकू नका. खुलासा नाही, कमेंटला उत्तर नाही, "ज्याला कळलं त्याला कळलं" टाइप स्टोरी तर अजिबात नाही. पोस्टचे आणि कमेंट्सचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे स्वतःकडे ठेवा, मग पोस्ट काढा, आणि काढली एवढंच थोड्या वेळात उघड सांगा. गुपचूप उडवली की लोक म्हणतात घाबरला, लपवतोय. लगेच हेडला फोन, नाही उचलला तर प्रोड्युसरला. आणि हे हमखास विसरलं जातं: शेड्यूल करून ठेवलेल्या पोस्ट थांबवा, आणि सोशल मीडिया बघणाऱ्या इंटर्नने तोच जोक स्टेशनच्या पेजवर रीशेअर केलाय का, सकाळच्या प्रोमोमध्ये कापून घातलाय का ते बघा. तुम्ही रात्री माफी मागायची आणि सकाळी सातला प्रोमोत तोच जोक वाजायचा, याच्याइतकं वाईट काही नाही.

आता शांत बसून एकच गोष्ट तपासा, जोक पडला कुणावर? बाकी सगळं यावर ठरतं.

2017 च्या पावसाळ्यात आरजे मलिष्काने रेड एफएमसाठी "सोनू, तुझा माझ्यावर भरोसा नाय काय" या व्हायरल गाण्याच्या चालीवर मुंबई महापालिकेवर व्हिडिओ केला, खड्डे, ट्रॅफिक, सगळं. शिवसेनेच्या नगरसेवकांनी 500 कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली, पालिकेची माणसं तिच्या घरी जाऊन डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून नोटीस देऊन आली. पुढच्या पावसाळ्यात तिने खड्ड्यांवर परत गाणं केलं आणि बरोबर केलं. टॅक्स भरणाऱ्या माणसाने पालिकेला टोमणा मारला तर माफी कसली? अशा वेळी स्टेशनने आरजेच्या पाठीशी उभं राहायचं, बस.

पण 2007 चं बघा. दार्जिलिंगचा नेपाळीभाषक प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसातला कॉन्स्टेबल, इंडियन आयडॉल जिंकला आणि दिल्लीतल्या एका आरजेने ऑन एअर जोक केला की आता हे लोक गायला लागले तर चौकीदारी कोण करणार. सिलिगुडीत हिंसाचार झाला, कर्फ्यू लागला, लष्कर बोलवावं लागलं. आपल्याकडेही सोसायटीच्या गेटवरच्या माणसाला त्याचं नाव न विचारता सरसकट बहादूर म्हणतातच की, त्यामुळे हा जोक आपल्याला "हलकाफुलका" वाटू शकतो आणि म्हणूनच जास्त जपायला पाहिजे. इथे माफीच मागायची, आणि अर्धवट नाही.

अर्धवट माफी म्हणजे काय त्याचं उदाहरण लंडनचं. मे 2019, हॅरी-मेगनचं बाळ नुकतंच जन्मलेलं, बीबीसी रेडिओ 5 लाइव्हच्या डॅनी बेकरने कपडे घातलेल्या चिंपांझीचा जुना फोटो शाही बाळ म्हणून ट्वीट केला. मेगनची आई कृष्णवर्णीय, आणि काळ्या माणसांना माकड म्हणायचा इतिहास किती जुना आहे हे सगळ्यांना माहीत. त्याने ट्वीट काढलं, माफीही मागितली, पण सूर असा की मी शाही घराण्यावर जोक केला होता, लोकांनी त्यात वंश बघितला. दुसऱ्या दिवशी बीबीसीने काढून टाकलं तेव्हा तो बीबीसीवरच चिडून बोलला, नंतर पुन्हा नीट माफी मागितली, पण तोपर्यंत उशीर झाला होता. हेतू खरंच वाईट नसेलही. पण हेतूचं स्पष्टीकरण माफीच्या आत आलं की माफी संपली.

मग लिहायचं कसं? साधं. "काल रात्री मी वॉचमनच्या कामावरून एक जोक टाकला. तो नेपाळी लोकांना कमी लेखणारा होता. चूक माझी आहे. पोस्ट काढली आहे, मी माफी मागतो." झालं. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे वाक्य राजकारण्यांना राहू द्या. जिथे जोक टाकला तिथेच माफी टाका, आणि शोच्या पहिल्या लिंकमध्ये, म्हणजे दोन गाण्यांमधल्या बोलण्यात, स्वतःच्या आवाजात बोला, खाली म्युझिक बेड (मागे वाजणारं संगीत) नको, साउंड इफेक्ट नको, अर्ध्या मिनिटात संपवा, मग गाणं. लगेच अ‍ॅड लावू नका, फार वाईट वाटतं ऐकायला.

पोलिसांचं थोडक्यात. ऑनलाइन आक्षेपार्ह पोस्टसाठी शिक्षा देणारं आयटी अ‍ॅक्टचं कलम 66 अ सुप्रीम कोर्टाने 2015 मध्येच रद्द केलंय, पण भारतीय न्याय संहितेतली 196 आणि 299 ही कलमं, म्हणजे गटागटांत तेढ आणि धार्मिक भावना, लागू शकतात. नोटीस आली तर वकील घेऊन जा, फोनमधलं काही उडवू नका, आणि ठाण्याबाहेर कॅमेऱ्यासमोर बोलू नका.

बायका आरजे असतील तर कमेंट्समध्ये काय काय येतं ते सांगायला नको. तिने ते एकटीने वाचत बसायचं नाही, अकाउंट दोन दिवस दुसऱ्या कुणीतरी बघायचं, धमक्यांचे स्क्रीनशॉट वेगळे काढून सायबर सेलला द्यायचे. तिची चूक असली तरी. रिसेप्शनवरच्या मुलीलाही आधी सांगून ठेवा, पहिली शिवी तीच खाते.

आणि दुखावलेल्या लोकांनी भेटायला बोलवलं तर जा, हेडला बरोबर घ्या, पण सोशल मीडिया टीमला नाही. त्यांनी फोटो काढला तर काढू द्या, आपल्या पेजवर टाकू नका.