रॉकेलच्या टाकीची राखण: आधी गळती, मग चोर

ब्रिटन-आयर्लंडच्या खेड्यांत जिथे गॅसची पाइपलाइन नाही, तिथे घर तापवणारा बॉयलर बहुधा रॉकेलवर चालतो आणि टाकी परसात असते. चोरीला गेलेलं तेल परत विकत घेता येतं. गळलेलं तेल घराच्या पायाखाली मुरलं, तर माती उपसण्याचा खर्च तेलाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

दर आठवड्याला पातळी लिहून ठेवा, शक्यतो एकाच वेळेला. रॉकेल थंडीने आकसतं: 1000 लिटर तेल 10 अंशांनी गार झालं की सुमारे 10 लिटर कमी दिसतं. नेहमीचा वापर आणि ही घट धरूनही जास्त तेल गेलेलं वाटलं, तर रात्री बॉयलर बंद करून टाकीचा व्हॉल्व्हही बंद करा. सकाळी पातळी थंडीच्या हिशोबाहून जास्त उतरली असेल तर टाकी गळतेय. दुसऱ्या रात्री बॉयलर बंदच ठेवून व्हॉल्व्ह उघडा. आता उतरली तर दोष पाइपात.

प्लॅस्टिकची टाकी उन्हाने कमकुवत होते. रंग पांढुरका पडणं, पोट सुटणं, कोपऱ्यांत केसासारखी चीर दिसणं, यातलं काहीही आढळलं की टाकी बदलायला झाली. लोखंडी टाकी आतून, तळाशी साचलेल्या पाण्याने गंजते. काठीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तळापर्यंत बुडवा. पेस्टचा रंग बदलला तर पाणी आहे, ते उपसून घ्या. प्लॅस्टिकच्या टाकीचं बूड पूर्ण टेकलेलं हवं, विटांच्या टेकूवर नको. चौथरा टाकीच्या चारही बाजूंनी 300 मिमी बाहेर यावा.

नवी घ्यायची तर दुहेरी भिंतीचीच घ्या. तिच्या बाहेरच्या कवचात आतल्या टाकीच्या 110 टक्के तेल मावतं. पातळी दाखवणारी पारदर्शक नळी असेल, तर तिचा व्हॉल्व्ह फक्त बघण्यापुरता उघडा. तो उघडा असताना नळी तडकली की टाकी रिकामी!

चोर झाकणातून तेल उपसतो किंवा पाइप कापतो. पाइप कापला की उरलेलं तेल जमिनीत जातं, म्हणून नुसत्या कुलपावर विसंबू नका. झाकणाला कडी झाकलेलं कुलूप, व्हॉल्व्हवर लोखंडी पिंजरा आणि पातळी एकदम उतरली की वाजणारा सेन्सर, असा बंदोबस्त ठेवा. काटेरी कुंपण चालेल, पण तपासणीपुरती मोकळी जागा सोडून. गावाला जाताना व्हॉल्व्ह बंद करा. हिवाळ्याच्या तोंडावर टाकी काठोकाठ भरण्यापेक्षा 500-500 लिटर मागवलेलं बरं.

गळती दिसलीच, तर व्हॉल्व्ह बंद करून खाली बादली लावा आणि चिरेवर कोरडी साबणाची वडी घासा. तेवढ्याने काही तास निभावतं. सांडलेल्यावर वाळू किंवा मांजराच्या शौचपेटीत घालतात ती शोषक खडी टाका. पाणी मारू नका, साबणाच्या पाण्याने तर मुळीच धुऊ नका. तेल गटारात जातं. इंग्लंडात पर्यावरण खात्याला 0800 80 70 60 वर कळवा, मग विमा कंपनीला. जवळून प्लॅस्टिकचा पाण्याचा पाइप जात असेल तर नळाच्या पाण्याचा वास घ्या. रॉकेल त्या पाइपातून झिरपतं. वास आला तर ते पाणी पिऊ नका.