खांद्याचं दुखणं घेऊन बेळगावला निघण्यापूर्वी

दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण सांगतो, "खांदा दुखतोय, बहुतेक वात असेल." एवढ्यावर त्यांना फारसं काही कळत नाही. म्हणून निघण्याआधीचे आठ-दहा दिवस एक वही हाताशी ठेवा आणि कोणतं काम करताना दुखलं ते लिहा, कारण खांद्याचं निदान निम्मं तिथंच होतं. फडताळातला वरचा डबा काढताना कळ आली की वेणी घालताना? ब्लाउजचा मागचा हूक लावता येतो का? पुरुषांनी मागच्या खिशातलं पाकीट काढून बघावं. हात बाजूनं वर नेताना मध्येच एका टप्प्यात दुखतं आणि पुढे मोकळं होतं, की जातच नाही? रात्री त्या कुशीवर झोपल्यावर जाग येते का? दुखणं कुठवर जातं, दंडापर्यंतच की कोपराच्या खाली बोटांपर्यंत? बोटांना मुंग्या येत असतील आणि मान वळवली की कळ वाढत असेल, तर मूळ बहुधा मानेत असतं. अशी माणसं खांद्यालाच बाम चोळत बसतात आणि महिने जातात.

घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन दोन गोष्टी तपासा. तुम्ही हात सैल सोडा आणि दुसऱ्यानं तो हळूच वर उचलावा. स्वतःला वर नेता येत नाही, पण दुसऱ्यानं नेला की जातो, असं असेल तर संशय स्नायूंवर आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या दोरांवर जातो. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे असे चार स्नायू असतात, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. दुसऱ्यानं उचलूनही हात अडकतो, आणि कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेर वळवायला गेलं की तिथंही थांबतो, तर खांदा जखडत चालला असण्याची शक्यता जास्त. यालाच फ्रोझन शोल्डर म्हणतात. तो चाळिशी ते साठीत जास्त दिसतो, बायकांत अधिक, आणि साखर असणाऱ्यांत तर कितीतरी जास्त. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनाही होतो. आधी नुसती कळ, मग जखडण, मग हळूहळू मोकळं होणं, असा तो चालतो आणि पुरा सुटायला एक ते तीन वर्षं घेतो. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर दर महिन्याला दवाखाना बदलला जातो.

आता कामांकडे बघा, कारण गोळ्या चालू झाल्या तरी कामं थांबणार नाहीत. कपडे वाळत घालायची दोरी खांद्याच्या उंचीला आणा. ओलं लुगडं डोक्यावरून झटकून टाकणं या आजारात सगळ्यात वाईट. रोजचे डबे वरच्या मांडणीवरून कमरेएवढ्या उंचीला उतरवा आणि दिवाळीचे डबे वर जाऊ द्या. नळाला पाणी आलं की घागर काखेत नेण्याऐवजी दोन बादल्या अर्ध्या-अर्ध्या भरून दोन्ही हातांत न्या. भाकरीचं पीठ मळताना कट्टा उंच असेल तर खांदे कानाकडे चढतात, म्हणून पायाखाली जाड फळी घ्या किंवा सरळ खाली बसून परात मांडीसमोर ठेवा. निपाणीकडं बिडी वळणाऱ्या बायकांनी पाठ भिंतीला टेकवावी, कोपराखाली उशी घ्यावी आणि अर्ध्या-पाऊण तासानं सूप बाजूला ठेवून उठावं. बेळगावच्या वडगाव-शहापूरला मागावर उभं राहणाऱ्यांना हात पुढं ताणून धागा जोडावा लागतो, त्यांनी माग थांबवून जवळ जाऊनच जोडावा. मालक कुरकुर करील, ती ऐकून घ्या. खानापूरकडं चिखलात वाकून भात लावणाऱ्यांनी मधेमधे ताठ उभं राहून खांदे मागं फिरवावेत. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप अर्धाच भरा, फेऱ्या वाढतील तेवढ्या वाढू द्या.

मात्र हात गळ्यात बांधून ठेवू नका. जखडण्याच्या वाटेवर असलेला खांदा त्यानं पुरता बसतो. पडून मार लागलेला नसेल तर रोज दहा-पंधरा मिनिटं गरम पिशवीनं शेकून टेबलाला चांगला हात टेकवून वाका, दुखरा हात खाली सैल लोंबू द्या आणि अंगाच्या हेलकाव्यानं छोटी वर्तुळं काढा, एक-दोन मिनिटं. मग भिंतीवर बोटांनी सरकत जितकं वर सहज जाईल तितकं जा. बेताचं दुखणं चालेल, रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा. झोपताना पाठीवर पडून दंडाखाली घडी केलेली चादर ठेवा. गावातल्या चोळणाऱ्याकडून हात पिरगाळून घेणं मात्र साफ टाळा. दोर सुटलेला असेल तर तो त्यानं आणखी फाटतो.

काही वेळा ही सगळी तयारी बाजूला ठेवून लगेच निघायचं असतं. डाव्या खांद्यात किंवा हातात कळ, सोबत छातीत दडपण, घाम, धाप: अशा वेळी १०८ ला फोन करा, रिक्षाची वाट बघू नका. ताप आणि खांदा गरम-सुजलेला असेल, पडल्यावर आकार बदललेला दिसला किंवा हात अचानक उचलेनासा झाला, तर त्याच दिवशी दाखवा.

पिशवीत आधार कार्ड आणि रेशन कार्ड ठेवा, सरकारी रुग्णालयात दोन्ही विचारतात. बायकांना आधारवर कर्नाटकातला पत्ता असला की ११ जून २०२३ पासून सरकारी साध्या बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, पण ते राज्यातल्या राज्यातच. निपाणीहून कोल्हापूरला किंवा चिकोडीकडून मिरजेला जायचं तर भाडं धरून ठेवा. बसमध्ये दुखऱ्या हातानं वरचा दांडा धरू नका, जागा मिळेपर्यंत खांबाला टेकून उभं राहा. साखरेचा ताजा रिपोर्ट, जमल्यास तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा, आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. बीपी, किडनी किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल तर तो आधी सांगा, दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या तिथं त्रास देतात. सैल बाह्यांचं झंपर घाला. तपासणीच्या जागी नवा डॉक्टर फक्त कन्नड बोलणारा भेटू शकतो, म्हणून कन्नड चांगलं येणारं कुणी सोबत असलेलं बरं.

एक्स-रे नॉर्मल आला तर "काहीच नाही" असा अर्थ काढू नका. जखडलेल्या खांद्यातही तो बहुधा तसाच येतो. एमआरआय लगेच लिहून दिला तर उपचार त्यानं बदलणार आहे का, हे विचारायला संकोच नको. स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं आणि साखर असेल, तर नंतरचे काही दिवस ती वाढते. तेव्हा गोळ्यांचं काय करायचं ते तिथंच ठरवून घ्या. आणि फिजिओथेरपीवाल्या बाईंना विचारून प्रत्येक व्यायामाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा.