ऊस पिवळा पडला म्हणून युरिया टाकताय? निचऱ्याच्या या चुका टाळा

कृष्णा-वारणाकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात हे हमखास दिसतं: सरीत पाणी तुंबलेलं, ऊस पिवळा, आणि बांधावर युरियाचं पोतं. घाई करू नका. पाणी साचलं की मातीतला प्राणवायू लवकर संपतो, मुळं गुदमरतात आणि असलेलं खतही उचलत नाहीत. शिवाय जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. आपल्या जमिनींचा सामू (पीएच) बहुधा ८ च्या वर. तिथं साचलेल्या पाण्यात फेकलेल्या युरियाचाही बराच भाग अमोनिया होऊन हवेत जातो.

आधी कुदळ घ्या आणि फूटभर उकरा. मुळं पांढरी आहेत की काळपट? मातीला कुजका वास येतो का? येत असेल तर दुखणं निचऱ्याचं आहे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या रानात पाणी साचल्यावर तेही होतं. दोन्हींत पहिलं काम एकच, चर काढून पाणी बाहेर घालवणं. वापसा आल्यावर, म्हणजे जादा पाणी निघून मातीत ओल आणि हवा दोन्ही असताना, युरिया द्या, तोही थोडा थोडा आणि मातीआड.

जमिनीखाली पाणी काढणारे सच्छिद्र पाइप टाकले म्हणजे निचरा झाला, हा मोठा गैरसमज आहे. पाइपाचं तोंड ज्या नाल्यात सोडलंय तो गाळानं आणि पाणकणसानं भरला असेल तर पाणी उलट रानात येतं. नाला सगळ्यांचा असतो, त्यामुळे शेजाऱ्यांना सोबत घेऊनच तो साफ करावा लागतो. पाणी दिल्यावर तोंडाशी जाऊन बघा. रान ओलं आणि पाइप कोरडा असेल तर आत गाळ किंवा मुळं अडकली आहेत.

दुसरी चूक मला जास्त खुपते. पाइप घातल्यावरही मोकाट पाटपाणी चालूच राहतं, आणि तेही युरिया दिल्यावर लगेच. नायट्रेटला मातीचा कण धरून ठेवत नाही, कारण दोघांवरही ऋण भार असतो. मग पैसे मोजून घेतलेलं नत्र पाइपातून नाल्यात आणि तिथून नदीत जातं, जिचं पाणी खालची गावं पितात. ठिबक असेल तर युरियाचे हप्ते बारीक करा. नसेल तर आधी पाणी, मग वापशावर खत, आणि पाण्याची पुढची पाळी हलकी.

पाइपाच्या तोंडाला कोपर लावून उभी नळी बसवली की पाण्याची पातळी हवी तिथं धरता येते: उन्हाळ्यात वर, पावसाआधी खाली. क्षारपड रानात मात्र क्षार धुऊन निघेपर्यंत तोंड अडवू नका. चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या, जमिनीत तर पाणी खाली मुरतच नाही. तिथं माती तपासून जिप्सम दिल्याशिवाय नुसत्या पाइपांचा उपयोग नाही.

पातळी कळावी म्हणून भोकं पाडलेला, दीड-दोन मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप रानाच्या मध्यात उभा गाडा आणि आठवड्याला काठी घालून मापा. मुळांच्या थरात पाणी चढलेलं दिसलं तर ती पाळी पुढं ढकला.