मिशनसेवेला निघताना पाठीशी कोण आहे, ते आधी पाहा

ख्रिस्ती मिशनसेवेसाठी, म्हणजे दूरच्या ठिकाणी जाऊन सुवार्तेचं काम करण्यासाठी, नव्याने निघालेल्या तरुणांशी बोलायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. त्याआधी बराच काळ मी स्वतः फील्डवर, म्हणजे सेवेच्या ठिकाणी, होतो. नवीन आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सपोर्ट किती लागेल, आणि तो उभा कसा करायचा?" सपोर्ट म्हणजे पाठीशी उभं राहणाऱ्यांकडून येणारा पैसा. प्रश्न रास्त आहे, टाळण्यासारखा नाही. पण वेळेआधी सेवा सोडून परतलेल्या ज्या लोकांशी मी बोललो, त्यांच्यात निव्वळ पैसे संपले म्हणून परतलेले फार थोडे होते. कुणाचं सहकाऱ्यांशी पटेना, कुणाच्या मुलांच्या शिक्षणाचा तिढा सुटेना, कुणाला आजारपणानं गाठलं. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य होतं, "आमचं काय चाललंय हे तिकडे कुणाला ठाऊकच नव्हतं." म्हणून मी उलट विचारतो, "समजा तुम्ही नवरा-बायको दोघंही आजारी पडलात. मुलांना घ्यायला कोण निघेल?" नाव पटकन आलं तर बाकीचं बोलता येतं. नाही आलं, तर निघायची तारीख पुढे ढकला, असं मी स्पष्ट सांगतो.

पैसे मागण्याची लाज बऱ्याच जणांना वाटते. देवानं बोलावलंय तर तोच पुरवील, माणसांपुढे हात कशाला पसरायचा, असं काहींना मनापासून वाटतं. हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये स्थापन केलेल्या चायना इनलँड मिशननं माणसांकडे थेट देणगी न मागण्याचं धोरण ठेवलं होतं, हे खरं. पण त्या मिशनची माणसं नियमित वृत्तान्त लिहीत, सभांमधून बोलत, आणि मायदेशी कारभार पाहणारी माणसं नेमलेली होती. मागणं नव्हतं, पण संबंध होताच. लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात तर येशूबरोबर फिरणाऱ्या मग्दालीया मरीया, योहान्ना, सूसान्ना अशा स्त्रिया स्वतःच्या पैशाअडक्यानं सेवा करत होत्या, अशी नोंद आहे. प्रभूला ज्याचा कमीपणा वाटला नाही, त्याचा आपल्याला का वाटावा?

प्रेषित पौलाचं उदाहरण मात्र नीट वाचायला हवं, कारण लोक त्यातला सोयीचा अर्धा भाग उचलतात. करिंथमध्ये तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्यासोबत तंबू शिवून पोट भरत होता, हे सगळे सांगतात. त्याच अध्यायात, प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये, पुढे काय लिहिलंय? त्याचे सहकारी सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आले आणि पौल वचन सांगण्यात पूर्ण गुंतला. दुसऱ्या करिंथकरांच्या पत्रातून कळतं, की मासेदोनियाहून आलेल्या बंधूंनी त्याची गरज भागवली होती. म्हणजे करिंथकरांकडून त्यानं घेतलं नाही, पण मासेदोनियातल्या फिलिप्पैकरांकडून घेतलं. स्पेनला जायचा बेत त्यानं रोमकरांना कळवला, तेव्हा पुढच्या वाटेसाठी तुमची मदत व्हावी असंही लिहिलं, आणि त्यातल्या बहुतेकांना तो भेटलेलाही नव्हता. कुणाकडून घ्यायचं आणि कुणाकडून नाही, हा विवेक त्याच्याजवळ होता. माझं मत विचाराल तर, ज्या देणगीबरोबर "आम्ही सांगू तसं काम करा" ही अट येते, ती कितीही मोठी असली तरी नाकारावी. असा एक मोठा देणगीदार गमावल्यानं काम बंद पडलेलं मी पाहिलेलं नाही. त्याच्या तालावर नाचताना बिघडलेलं मात्र पाहिलंय.

भागीदारी म्हणजे काय, हे समजायला विल्यम केरी आणि अँड्र्यू फुलर यांची गोष्ट मी नेहमी सांगतो. केरीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, फुलरचं कुणालाच नाही. २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधल्या केटरिंग गावी फुलर, केरी अशा मूठभर बाप्टिस्ट पंथाच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मिशन सोसायटी काढली. पहिल्या दिवशी वर्गणीची कबुली मिळाली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्सची. फुलर पुढे आठवण सांगत, की आम्ही जणू खोल खाणीच्या तोंडाशी उभे होतो आणि केरी म्हणाला, मी खाली उतरतो, तुम्ही दोर धरा. १७९३ मध्ये केरी बंगालला पोचला. पैसे लवकरच संपले, म्हणून निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहण्याची नोकरी त्यानं धरली. इकडे इंग्लंडात फुलर आपली मंडळी, म्हणजे आपलं चर्च, सांभाळून, सोसायटीचा पत्रव्यवहार करत, वर्गणीसाठी स्कॉटलंडपर्यंत पुन्हा पुन्हा फिरत राहिले. १८१५ मध्ये मरेपर्यंत त्यांनी ते काम सोडलं नाही.

तिकडे बंगालमध्ये सेरामपूरला केरीनं पुढे काम केलं, तिथेही तो एकटा नव्हता. वॉर्ड छापखान्याचा जाणकार, मार्शमन शिक्षक, आणि त्यांच्या पत्नी हॅना मार्शमन यांच्या शाळांच्या उत्पन्नाचा मिशनला मोठा आधार. मराठी नवा करार १८११ मध्ये याच छापखान्यातून निघाला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये छापखान्याला आग लागली. कागद, टाईप, हस्तलिखितं जळाली. बातमी इंग्लंडला पोचायला काही महिने लागले, पण पोचल्यावर काही आठवड्यांतच नुकसानभरपाईची रक्कम उभी राहिली. वीस वर्षं सतत पत्रं गेली होती, नावं लोकांच्या प्रार्थनेत होती, म्हणून ते झालं. आगीनंतर ओळख करून घ्यायला कुणी निघालं असतं, तर काय हाती लागलं असतं?

या गोष्टीचा पुढचा भाग सभांमधून सहसा सांगत नाहीत. फुलर गेल्यावर सोसायटीत नवी माणसं आली. त्यांची केरीशी समोरासमोर ओळख नव्हती. मालमत्ता कुणाच्या नावावर, निर्णय कुणाचा, यावरून वाद वाढत गेला आणि १८२७ मध्ये सेरामपूर व सोसायटी वेगळे झाले. सगळे भले, प्रार्थनाशील लोक होते, तरी हे घडलं. म्हणून नव्यांना सांगतो: तुम्हाला पाठवणाऱ्या मंडळीचा पाळक बदलला, की पहिल्या संधीला जाऊन नव्या पाळकांना भेटा. जुन्या पाळकांनी तुमच्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती, याचं ओझं नव्या माणसावर टाकू नका. त्यांच्यासाठी तुम्ही अनोळखी आहात. आणि जागा, गाडी, कॉम्प्युटर यांतलं काय मिशनचं नि काय तुमचं, हे निघायच्या आधी कागदावर आणा. आपण सगळे एकाच प्रभूचे, मग कागद कशाला, असं कुणी म्हणालं तर आधी त्याच्याशीच कागद करा!

आता सपोर्टर. शंभर नावांची यादी बनवून सगळ्यांना एकच मेसेज पाठवणं सोपं असतं, आणि त्याचा उपयोगही तेवढाच होतो. मी आधी चार-पाच माणसांचा गट बनवायला सांगतो. त्यात एक प्रार्थनेची जबाबदारी घेणारा हवा, एक हिशेब समजणारा, एक संकटात निर्णय घेऊ शकणारा, आणि एक असा, की ज्याच्याशी तुम्ही "आज मला प्रार्थना करावीशीच वाटत नाही" असं बोलू शकता. शेवटचा मिळायला सगळ्यात कठीण. तो पाळकच असायला हवा असं नाही. बऱ्याचदा नसलेलाच बरा.

असा गट काय करू शकतो, याचा एक प्रसंग. आमच्या फील्डवर एक जोडपं होतं. पत्रातली भाषा हळूहळू कोरडी होत चालल्याचं त्यांच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंच्या लक्षात आलं. पूर्वी पत्रात मुलांच्या गमती असत, आता नुसत्या सभांच्या तारखा. बाईंनी आपल्या यजमानांना घेतलं आणि आठवडाभरासाठी थेट तिथे येऊन उतरल्या. उपदेश नाही, तपासणी नाही. सकाळी भांडी घासायची, मुलांना शाळेत सोडायचं, संध्याकाळी त्यांना फिरायला न्यायचं, म्हणजे दोघांना तास-दोन तास एकमेकांशी बोलायला मिळतील. तिसऱ्या दिवशी ते जोडपं बोलतं झालं. सेवा सुटायच्या बेतात होती, हे तेव्हा आम्हा सहकाऱ्यांनाही कळलं. शेजारी राहून आम्हाला जे दिसलं नव्हतं, ते त्या बाईंनी दुरून पत्र वाचून ओळखलं होतं.

तेव्हा सपोर्टरना पाठवायचं प्रार्थनापत्र मनापासून लिहा. "प्रभूची स्तुती असो, काम जोरात चालू आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा" हे पत्र नव्हे, पावती आहे. वाचणाऱ्यानं नेमकी कशासाठी प्रार्थना करायची? "भाषाशिक्षकाशी माझं जमत नाहीये, शिकवणी सोडावी असं वाटतंय" असं लिहिलं, की पुढच्या महिन्यात कुणीतरी विचारतं, "शिक्षकांचं काय झालं?" मागच्या पत्रातल्या विनंतीचं पुढे काय झालं, हे पुढच्यात आवर्जून लिहा, उत्तर 'नाही' असं आलं असेल तरीही. आकडे फुगवू नका. ज्या लोकांत काम करता, त्यांची नावं, फोटो, घरगुती अडचणी त्यांना न विचारता कुणाला पाठवू नका. काही ठिकाणी त्यामुळे त्यांच्या जिवावर बेतू शकतं. आणि हेच पत्र त्यांच्या हाती पडलं तर चालेल का, असा विचार करून ते पाठवा. मला आलेली कितीतरी पत्रं या कसोटीला उतरत नाहीत.

पत्र एकाच बाजूनं जाऊ नये, हेही आहे. सपोर्टरच्या घरी लग्न, आजारपण, मृत्यू होतोच. एपफ्रदीत फिलिप्पैकरांची देणगी घेऊन तुरुंगात असलेल्या पौलाकडे आला, तिथे मरणाच्या दारी पोचला आणि सावरला. पौलानं त्याला परत पाठवलं, का तर त्याच्या आजाराची बातमी गावी पोचल्यानं तो स्वतःच व्याकूळ झाला होता, आणि त्याला पाहून तिकडच्यांना आनंद व्हावा म्हणून. तुरुंगातला माणूस देणाऱ्यांच्या जिवाला लागलेला घोर आधी पाहतो.

हिशेबाबद्दल थोडक्यात. दुसऱ्या करिंथकरांच्या आठव्या अध्यायात पौल वर्गणी एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, म्हणजे कुणी बोट दाखवू नये. तुम्हीही देणगी स्वतःच्या खासगी खात्यात घेऊ नका, खर्चावर दुसऱ्या कुणाची तरी सही असू द्या, आणि परदेशी पैशांबाबत त्या-त्या देशाचा कायदा आधी वाचा. बजेटमध्ये लोक तीन गोष्टी हटकून विसरतात: औषधोपचार, अचानक परतीचा प्रवास, आणि म्हातारपण.

जिथे जाल तिथली मंडळी हीसुद्धा तुमची भागीदार आहे, नव्हे, पहिली भागीदार तीच. १९१० च्या एडिंबरो इथल्या जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय ख्रिस्ती पुढारी व्ही. एस. अझरायांनी जमलेल्या पाश्चात्त्य मिशनरींना तोंडावर सांगितलं, की तुम्ही गरिबांसाठी धन दिलं, देह झिजवलात, आता आम्हाला प्रेम द्या, मित्र द्या. हे बोलणारा माणूस हात पसरून आलेला नव्हता. १९०३ मधली तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी आणि १९०५ मधली नॅशनल मिशनरी सोसायटी, भारतीयांच्या पैशावर नि मनुष्यबळावर चालायच्या म्हणून उभ्या राहिलेल्या या संस्थांच्या स्थापनेत त्यांचा हात होता. आजही बाहेरून आलेला कार्यकर्ता बैठक बोलावतो, विषय ठरवतो आणि मग स्थानिक बांधवांना "तुमचं मत काय?" विचारतो. मत तेव्हा विचारून काय उपयोग? विषय ठरवतानाच त्यांना बोलवा. तुमच्या कामाचा अहवाल पाठवणाऱ्या मंडळीला जातो, तसाच तो यांनाही वाचायला द्या.

शेवटी, कुणाची मदत बंद झाली तर काय करायचं, हे सगळेच विचारतात. एक पत्र लिहायचं: आजवरच्या मदतीबद्दल आभार, आणि "घरी सगळं ठीक आहे ना?" एवढंच. कारण विचारायचं नाही, आठवण करून द्यायची नाही, प्रार्थनापत्र मात्र चालू ठेवायचं. काही जण परत जोडले जातात, काही नाही. बहुतेकदा नोकरी गेलेली असते, आणि ते सांगायचा त्यांना संकोच वाटत असतो.