वळवाच्या दिवसांत परसातल्या कोंबड्या

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेशात एकाच दिवसात दोन ऋतू पाहायला मिळतात. दुपारी पारा ४२-४३ अंशांवर, आणि चार-पाचच्या सुमारास आभाळ भरून येऊन सोसाट्याचा वारा, धुळीचा लोट, मागोमाग वळीव. परसात दहा-वीस गावरान, गिरिराज किंवा वनराज जातीच्या कोंबड्या पाळणाऱ्याची पंचाईत इथेच होते. उन्हासाठी खुराडं मोकळं हवं आणि वादळासाठी झाकलेलं. त्यामुळे महागड्या पक्क्या बांधकामापेक्षा पाच मिनिटांत झाकता आणि उघडता येईल असं खुराडं जास्त कामाचं.

पडदे जुन्या गोणपाटाचे शिवा. वरची कड बांधून टाका, खालच्या कडेत बांबू घाला, म्हणजे गुंडाळून वर बांधता येतो आणि वाऱ्यात फडफडत नाही. वरच्या बाजूला वीतभर जागा मात्र कायम उघडी राहू द्या. बरेच जण वादळ आलं की चारही बाजूंनी प्लॅस्टिकची ताडपत्री आवळतात आणि सकाळपर्यंत तशीच ठेवतात. पाऊस अर्ध्या तासात थांबतो, पण आत कोंबड्या उबून निघतात.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. उकडलं की ती चोच उघडून धापा टाकते, आणि श्वासातली ओल उडून गेली तरच तिचं अंग निवतं. पावसानंतर हवा दमट झाली की ही ओल नीट उडत नाही. त्यामुळे वादळाच्या तडाख्यात वाचलेले पक्षी नंतरच्या कोंदट रात्री किंवा दुसऱ्या दिवशीच्या दमट उन्हात दगावू शकतात. सर थांबली की वाऱ्याच्या उलट बाजूचा पडदा आधी वर घ्या. गोणपाट भिजवण्याचा उपायही कोरड्या हवेतच खरा. विदर्भातल्या दुपारी त्याने चांगला फरक पडतो, कोकणात किंवा पावसानंतर तोच उपाय अंगलट येतो.

पत्र्यावर चुना मारा, त्यावर तुराट्या, उसाचं पाचट किंवा झावळ्या टाका. हे वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून वरून जुनं जाळं ताणून चारी कोपरे खुंट्यांना बांधा. पत्रा दबावा म्हणून त्यावर दगड ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. पत्रा उचलला की तोच दगड खाली पक्ष्यावर किंवा पोराबाळांवर येतो. त्याऐवजी पत्रा धरून ठेवणारे जे-हुक घट्ट करा आणि वाळूच्या दोन पिशव्या दोराने जोडून आढ्याच्या दोन्ही बाजूंना लोंबत्या सोडा. नवीन खुराडं बांधत असाल तर त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि छप्पर तीनेक फूट बाहेर काढा, म्हणजे ऊनही आत घुसत नाही आणि पावसाची झडही.

उन्हाळ्यात कोंबडीचं पाणी दुपटीच्याही वर जातं. मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत ठेवा आणि दुपारी एकदा बदला. तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, सकाळी दहानंतर भांडं उचलून घ्या. खाल्लेलं पचतानाही अंगात उष्णता तयार होते. धापा टाकण्यामुळे अंड्याचं कवच पातळ होतं. शिंपल्याचा चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होतं.

उन्हाने मान टाकलेल्या कोंबडीची चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. सावलीत नेऊन पाय, तुरा आणि पंखांखालचा भाग साध्या पाण्याने ओला करा. बर्फ नको. शुद्धीवर आली की ती स्वतःच पिते.

पिल्लांची गोष्ट वेगळी. गडगडाट झाला की ती घाबरून एका कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरून मरतात. पुठ्ठा वाकवून खुराड्याचे कोपरे गोल करून टाका. काम दहा मिनिटांचं, पण जीव वाचवणारं. भिजलेली पिल्लं कोरड्या फडक्याने पुसून खोक्यात ६० वॅटच्या बल्बखाली ठेवा. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा.

खुराड्यात खाली अंथरलेलं तूस ओलं झालं असेल तर दुसऱ्या दिवशीच बाहेर काढा. खुराड्यात वाकल्यावर डोळे चुरचुरले तर समजा की उशीर झाला आहे. ओल्या तुसातून पिल्लांना रक्ती हगवण लागते. भिजलेला मका किंवा शेंगदाणा पेंड ‘वाळवून घालू’ म्हणून ठेवू नका. बुरशीचं विष वाळवल्याने जात नाही.

चोच उघडी दिसली की सगळं उन्हावर ढकलू नका. उन्हाची धाप संध्याकाळी गार झालं की बसते. मानमोडीत (राणीखेत रोगात) ती बसत नाही. सोबत हिरवट-पांढरी हगवण, मान वळणं, एकापाठोपाठ एक मरतूक. या रोगावरची लासोटा लस पहिल्या आठवड्यात, बूस्टर चौथ्या आठवड्याच्या सुमारास आणि आर-टू-बी ही लस आठव्या आठवड्यात, हे वेळापत्रक चुकलं असेल तर आता पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. लस बर्फातून आणा आणि सकाळच्या गारव्यात द्या. आजारी पक्ष्यांना मात्र देऊ नका. अचानक बरेच पक्षी मेले तर शेजाऱ्याला विकून मोकळं होऊ नका. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला होता. मेलेले पक्षी उघड्यावर फेकू नका. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर आधी कळवा. तिथून सांगतील त्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

खुडूक कोंबडी एवढ्या उन्हात बसवायची घाई नको. उकाड्यात ठेवलेल्या अंड्यांमध्ये गर्भ अर्धवट वाढून मरतो. काही घरांत ढग गडगडले की अंडी ‘फुटतात’ म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा किंवा कोळसा ठेवतात. ठेवायला हरकत नाही, पण गडगडाटापेक्षा भिजलेली टोपली आणि घाबरून उठून गेलेली कोंबडी हेच खरं नुकसान. बसवायचीच असेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात चार-पाच दिवसांपेक्षा जास्त न साठवलेली अंडी घ्या.

विजांचा अंदाज पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप देतं. इशारा आला की पक्षी आत घ्या आणि तुम्हीही घरात या. झाडाखाली राहिलेल्या कोंबड्यांमागे धावू नका. वादळानंतर जाळी हलली असेल तर त्याच संध्याकाळी दिवा घेऊन फेरी मारा. अर्ध्या इंचाची जाळी असली तरी तळाशी माती वाहून फट पडते, आणि पावसाने बिळं भरल्यामुळे साप-मुंगूस आडोशाच्या शोधात असतात. फटीत विटा ठोका. हात घालण्याआधी काठीने तपासा.