दमणी काढायची ती बग्गीवाल्यांच्या शिस्तीत

पोरं बैलगाडी काढतात ती कॅलेंडरावरची: मावळता सूर्य, बाजूला नारळ. आमच्या यवतमाळातल्या दारव्ह्याकडं नारळ कुठून आला? मी वर्गात आधी न्यूयॉर्कच्या ब्रूस्टर कंपनीची एकोणिसाव्या शतकातली बग्ग्यांची चित्रं दाखवतो. ती मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत, मोबाइलवर मोठी करून पाहता येतात. घोडा नाही, रस्ता नाही. नुसती गाडी, नीट बाजूनं. याच कामाचं शिक्षण द्यायला तिथं १८८० मध्ये शाळाही निघाली.

आपण दमणी घेऊ, म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी. एक फुटाला एक इंच धरा. आमच्या दमणीचं चाक साडेचार फुटांचं, म्हणजे कंपास सव्वादोन इंच उघडायचा. आधी जमिनीची रेघ, मग चाक. साटा, म्हणजे चाकांवरची लाकडी चौकट, नंतर.

चाकाला घाई नको. कंपास न हलवता घेरावर सहा खुणा करा. तेवढ्यातच घेर पुरा होतो. हे सहा पुठ्ठ्यांचे, म्हणजे घेराच्या लाकडी तुकड्यांचे सांधे. दर पुठ्ठ्यात दोन आरे, सांध्यापासून पंधरा आणि पंचेचाळीस अंशांवर. मी पहिल्यांदा आरा नेमका सांध्यावर काढला होता. आजोबा सुतार. चष्मा वर करून म्हणाले, "हे चाक नाल्यापावतर बी जात नाही, पोरा."

बैल काढायचे नाहीत, पण मग जुवाखाली टेकू दाखवा. दोन चाकांची गाडी आपसूक सपाट उभी राहत नसते.

कागद मातकट घ्या, पांढरा नको. धावेवरची, म्हणजे चाकाच्या लोखंडी पट्टीवरची चकाकी पांढऱ्या पोस्टर कलरची एकच बारीक रेघ ओढून आणायची, ती पांढऱ्यावर दिसेल कशी? आमच्या खऱ्या दमणीच्या फळ्यांना काळा ऑइलपेंट आहे. तशी झिलई चित्रात आणायला ब्रूस्टरवाले रंगावर डिंक फिरवत. आपल्याला बाभळीचा चालतो: रात्री भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, दुधाइतका पातळ करा. फक्त काळ्यावर, एकच हात. आरे कोरडेच ठेवा.

आणि सावलीत वाळवा. मी एकदा जाड थर देऊन मे महिन्यात टिनाखाली कागद ठेवला. संध्याकाळी पाहतो तर फळीवर उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा.