दोन सीमा-राउटर, एक रूटिंग लूप आणि टॅग

आमच्या नेटवर्कात एका बाजूला ईआयजीआरपी, दुसऱ्या बाजूला ओएसपीएफ (दोन्ही राउटरांनी एकमेकांना रूट, म्हणजे वाटा, कळवण्याच्या पद्धती), मध्ये दोन राउटर. दोघांवरही दुतर्फा रीडिस्ट्रिब्यूशन, म्हणजे एका बाजूचे रूट दुसऱ्या बाजूला कळवणं. एके दिवशी काही मोजकेच पत्ते गायब होऊ लागले; पॅकेटचा रस्ता दाखवणाऱ्या ट्रेसरूटमध्ये तेच दोन राउटर आलटून पालटून दिसत होते.

मोजकेच का, यातच उत्तर होतं. ते सगळे ईआयजीआरपीचे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून तिच्यात आणलेले, रूट होते. ईआयजीआरपीच्या अंतर्गत रूटचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (विश्वासाचा आकडा, जितका कमी तितका विश्वास जास्त) 90, ओएसपीएफचा 110, पण ईआयजीआरपी एक्स्टर्नलचा 170. पहिल्या राउटरने असा रूट ओएसपीएफमध्ये टाकला की दुसऱ्याला 110 वाला जास्त विश्वासाचा वाटे, आणि तो हाच रूट पुन्हा ईआयजीआरपीत ढकलून देई. त्याची मेट्रिक (वाटेची किंमत) चांगली ठरली की लूप तयार: पॅकेट दोन राउटरांतच फिरत राहतं.

आधी प्रीफिक्स-लिस्ट, म्हणजे कोणते पत्ते पुढे जाऊ द्यायचे याची यादी, लावली होती. चालते, पण प्रत्येक नव्या सबनेटला ती आठवणीने बदलावी लागते, म्हणून मला ती पटत नाही. मग रूटवर टॅग, म्हणजे ओळखीचे आकडे, लावले: ओएसपीएफमध्ये जाताना 90, ईआयजीआरपीत जाताना 110. उलट दिशेच्या रूट-मॅपमध्ये (रूट गाळणाऱ्या नियमांच्या यादीत) पहिलीच ओळ तो टॅग नाकारणारी. शेवटी बाकी सगळं जाऊ देणारी रिकामी परमिट ओळ हवीच. ती लिहायची राहिली तेव्हा सगळेच रूट अडले होते!

लूप थांबला, तरी दुसरा राउटर लांबच्या ओएसपीएफ वाटेनेच जात होता. दोन्ही राउटरवर ओएसपीएफखाली आत येणाऱ्या रूटसाठी डिस्ट्रिब्यूट-लिस्ट (गाळणी) लावून 90 टॅगचे रूट राउटिंग टेबलबाहेर ठेवले. ईआयजीआरपीची लिंक तुटली तर त्या राउटरला हा पर्यायी रस्ता मिळणार नाही, हे मान्य करूनच.